एका जुन्या झाडाच्या बदल्यात दहा रोपे: हा हिशेब जुळतो का?

प्रश्न: आवारातली_सावली

नमस्कार.

आमच्या वसाहतीच्या आवारात एक जुने झाड आहे. छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून मोजला, तर त्याच्या बुंध्याचा घेर २८० सेंटिमीटर भरतो. एका बाजूला, माणसाचा हात जेमतेम पोहोचेल इतक्या उंचीवर, ढोली आहे. वाहने लावायला जागा हवी, पानगळीचा कचरा होतो आणि पोकळ झाड केव्हातरी कोसळेल, अशी तीन कारणे देऊन रहिवाशांच्या बैठकीत ते काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. मी उभी राहिले आणि झाडे आपल्याला प्राणवायू देतात, असे म्हणाले. त्यावर एका सभासदांनी अगदी सौम्यपणे उत्तर दिले, "मग आपण एकाच्या जागी दहा लावू, म्हणजे प्राणवायूही दहा पट मिळेल." सगळ्यांना ते पटले. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही पटले आणि मी खाली बसले.

घरी आल्यावर जाणवले की, त्या झाडाखालून मी वीस वर्षे ये-जा केली, पण ते उभे राहून नेमके काय करते, हे मला चार वाक्यांत सांगता आले नाही. ते मला प्रिय आहे, एवढेच मला ठाऊक होते. निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत लांबला आहे. एक जुने झाड आणि दहा रोपे यांची बरोबरी होते का, आणि होत नसेल तर का होत नाही, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती. केवळ भावनेवर बोलायचे नाही, असे मी ठरवले आहे.

उत्तर १: पर्णरंध्र

ताई, मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

प्राणवायूचा मुद्दा खोटा नाही, पण आपल्या बाजूच्या सर्व मुद्द्यांत तो सर्वांत दुबळा आहे. वातावरणात सुमारे २१ टक्के प्राणवायू आहे आणि तो साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे, त्यामुळे एखादे झाड गेल्याने कोणाचा श्वास कोंडत नाही. झाड दिवसा प्रकाशसंश्लेषण करताना प्राणवायू सोडते, स्वतःच्या श्वसनासाठी त्यातला काही रात्रंदिवस वापरते आणि त्याची पाने व लाकूड कुजू लागले की उरलेल्यातलाही बराच खर्ची पडतो. ॲमेझॉनचे जंगल जगाला २० टक्के प्राणवायू पुरवते, हे वारंवार ऐकू येणारे वाक्य याच कारणाने टिकत नाही, कारण तेथील झाडे जेवढा प्राणवायू निर्माण करतात, जवळजवळ तेवढाच ते जंगल स्वतः वापरून टाकते. पुढच्या बैठकीत कोणी हा मुद्दा खोडून काढला, तर आपले बाकीचे भक्कम मुद्देही त्याबरोबर वाहून जातील, म्हणून हे आधी सांगितले.

त्याऐवजी लाकूड येते कुठून, या प्रश्नापासून सुरुवात करावी. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या संशोधकांनी २०० पौंड कोरडी माती एका भांड्यात घालून तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाच्या जातीचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला पाण्याशिवाय काहीही घातले नाही. पाच वर्षांनी झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले आणि माती मात्र अवघी दोन औंस घटली होती. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता, कारण लाकडाचा मोठा वाटा हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून येतो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. म्हणजे आपल्या आवारात जे उभे आहे, ती हवेतून कणाकणाने उचलून घट्ट केलेली, टनांत मोजावी लागेल अशी ठेव आहे. झाड तोडून जाळले, तर ती काही तासांत परत हवेत जाते, आणि कुजू दिले, तर काही वर्षांत.

आता रोपांचा हिशेब करू. रोपवाटिकेतून आणलेल्या चांगल्या रोपाचा घेर उदारपणे १० सेंटिमीटर धरला, तर आपल्या झाडाचा घेर त्याच्या २८ पट आहे. खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ते ७८४ पट झाले. उंचीतला फरक तर अजून धरलेलाच नाही. त्यामुळे "एकाच्या जागी दहा" हे वाक्य ऐकायला दहा पट वाटत असले, तरी तोडणीच्या दिवशी ते प्रत्यक्षात दहा भागिले ७८४ इतके असते. लंडनमध्ये शहरी झाडांचे मूल्य ठरवण्यासाठी कॅव्हॅट नावाची पद्धत वापरतात. तिची सुरुवातही झाडांच्या संख्येपासून होत नाही, खोडाच्या छेदाच्या क्षेत्रफळापासून होते.

यावर कोणी म्हणेल की, म्हातारे झाड आता वाढत नाही, तरुण झाडे भराभर वाढतात. हा समज फार पसरलेला आहे आणि २०१४ साली ४०३ जातींच्या झाडांच्या मोजमापांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो बहुतेक जातींच्या बाबतीत चुकीचा ठरवला. झाड जितके मोठे, तितके ते दरवर्षी अधिक लाकूड अंगावर चढवते, कारण त्याच्या पानांचा एकूण पसारा मोठा असतो. अतिशय मोठे झाड एका वर्षात जेवढा कार्बन नव्याने साठवते, तेवढा एखाद्या मध्यम आकाराच्या झाडात एकूण साठलेला असतो.

पाण्याविषयी मात्र मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते. मुळांनी घेतलेल्या पाण्याचा फारच थोडा भाग झाड स्वतःच्या वाढीसाठी ठेवते, बाकीचे बहुतेक सर्व पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, वाफ होऊन बाहेर जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. मोठ्या झाडाने दिवसभरात १०० लिटर पाणी उडवले, आणि जमिनीत ओल असेल तर ते याहून अधिकही उडवते, तर त्यासाठी लागणारी उष्णता सुमारे ६७ युनिट विजेइतकी होते. ही उष्णता झाड आपल्या भोवतालातून काढून घेते. छपराची सावली आणि झाडाची सावली यांत आपल्याला जो फरक जाणवतो, तो यामुळे: छप्पर ऊन फक्त अडवते आणि स्वतः तापते, तर पान ऊन अडवून ते वाफेत खर्च करते. अर्थात जमीन कोरडी पडली की झाड पर्णरंध्रे मिटून घेते आणि हे काम मंदावते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हे सगळे पंपाविना चालते. हवेच्या दाबाच्या जोरावर शोषून पाणी सुमारे १० मीटरच वर चढवता येते, तरी कॅलिफोर्नियातील हायपीरियन या रेडवुड वृक्षाच्या, सुमारे ११६ मीटर उंचीवरच्या शेंड्याला पाणी पोहोचते. पानातून एक रेणू उडाला की तो आपल्यामागच्या रेणूला ओढतो, आणि ती ओढ बारीक नळ्यांतील पाण्याच्या अखंड धाग्यातून थेट मुळांपर्यंत जाते. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडलेले हे स्पष्टीकरण मी दरवर्षी वर्गात शिकवत असे, आणि दरवर्षी ते सांगताना माझे स्वतःचेच भान हरपत असे.

उत्तर २: हिशेबी_सभासद

मी मुद्दाम दुसरी बाजू मांडतो. सरांचे गणित बरोबर आहे, पण ते आजच्या दिवसाचे आहे. आज रोपे लावलीच नाहीत, तर चाळीस वर्षांनी मोठे झाड कोठून येणार? शिवाय पोकळ झाडाखाली मुले खेळतात. उद्या फांदी पडली, तर त्याची जबाबदारी झाडावर प्रेम करणारे घेतील का? झाड मोठे आहे, एवढ्यावरून ते ठेवण्याचा निर्णय करता येत नाही.

उत्तर ३: बुंधा_आणि_मुळे

वरचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. मी झाडांची तपासणी आणि छाटणी करण्याचे काम करतो. काही झाडे उतरवावीच लागतात आणि तशी शिफारस मी स्वतः अनेकदा केली आहे. पण "पोकळ आहे" हे एकटे कारण पुरेसे नसते.

झाडाचा जिवंत भाग सालीच्या लगेच आत असतो. तेथील पेशींचा पातळ थर दरवर्षी बाहेरच्या बाजूने नवे लाकूड घालत जातो. आतला गाभा हे जुने, मृत लाकूड असते आणि ते कुजले तरी पाणी व अन्न वाहून नेण्याचे काम अडत नाही. उलट बुंध्याभोवतीची साल एखाद्या पट्ट्याएवढी सगळीकडून सोलून काढली, तर भरीव झाडही मरते. ताकदीचेही तसेच आहे. वाऱ्याने खोड वाकू लागते तेव्हा सर्वाधिक ताण बाहेरच्या लाकडावर येतो, म्हणून नळी वजनाच्या मानाने मजबूत असते. पोकळी मध्यभागी असेल आणि तिची त्रिज्या खोडाच्या त्रिज्येच्या निम्मी असेल, तर वाकण्याला होणारा विरोध केवळ सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. पोकळी एका बाजूला सरकलेली असेल, उभी चीर गेली असेल किंवा भिंत फार पातळ झाली असेल, तर मात्र चित्र बदलते. म्हणून प्रश्न "पोकळ आहे का" असा विचारू नये, "जिवंत लाकडाची भिंत किती जाड उरली आहे आणि ती सलग आहे का" असा विचारावा. लाकडी हातोडीने ठोकून येणाऱ्या आवाजापासून ते उपकरणांनी केलेल्या तपासणीपर्यंत याचे मार्ग आहेत.

अमेरिकेतील ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती अडसर उभे करते, तो भाग कोंडून टाकते आणि त्यावरून नवे लाकूड वाढवते. ही ढोली म्हणजे बहुधा कधीकाळी फांदी चुकीच्या जागी छाटल्याची खूण असेल. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कड असते. तिच्या बाहेरून छाटले, तर झाड जखम झाकू शकते, पण ती कडच कापून खोडाशी सपाट काप घेतला, तर कूज आत शिरते. ढोलीत सिमेंट भरण्याचा उपाय पूर्वी सर्रास केला जाई. कृपया तो करू नका, कारण त्याने आत ओल अडकते आणि खोड हलताना सिमेंट लाकडाला घासत राहते.

माझ्या अनुभवात जुनी झाडे पडतात ती ढोलीपेक्षा मुळांच्या दुखापतीमुळे अधिक. मुळे खोलवर जातात, अशी आपली कल्पना असते, पण बहुतेक मुळे वरच्या साधारण अर्ध्या ते एक मीटर मातीतच असतात आणि आडवी, फांद्यांच्या पसाऱ्याच्याही पलीकडे जातात. गटारासाठी एका बाजूने चर खणला, बुंध्यापर्यंत काँक्रीट घातले किंवा वाहनांच्या वजनाने माती दाबली गेली, की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दहा-पंधरा वर्षांत हळूहळू खंगते. तोवर चर कोणी खणला, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

दहा रोपांबद्दल एकच विचारावेसे वाटते: या झाडाची जागा वाहनांना दिल्यावर, पूर्ण वाढलेली दहा झाडे मावतील इतकी मोकळी माती आवारात कोठे उरणार आहे? रोपे जरूर लावावीत, आजच लावावीत, पण ती या झाडाची वारस म्हणून.

उत्तर ४: ढोलीतले_घरटे

ज्या ढोलीला सर्वजण दोष म्हणत आहेत, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. घुबडे, पोपट, धनेश, वटवाघळे, खारी आणि कितीतरी मधमाश्या यांना अशी पोकळी लागते, आणि त्यांच्यातील बहुतेकांना ती स्वतः कोरता येत नाही. ती एक तर सुतार पक्ष्याने कोरलेली असावी लागते किंवा काळाने घडवलेली. रोपाला ढोली नसते. चांगली ढोली तयार होण्यास अनेक दशके लागतात, म्हणून दहा नव्हे, हजार रोपे लावली, तरी पुढच्या हंगामात घुबडाला त्यांचा काहीही उपयोग नाही. सालीच्या भेगा, शेवाळ, वाळकी फांदी, बेचक्यात साचलेले पाणी हे सगळेही असेच वयाबरोबर येते. वाळलेली फांदी धोकादायक नसेल, तर ती तशीच राहू द्यावी, असे मी कळकळीने सुचवते.

आपले झाड वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातले असेल, तर गोष्ट आणखी मोठी आहे. या फायकस प्रजातीत ७५० हून अधिक जाती आहेत आणि त्यांची फळे खाणाऱ्या पक्ष्यांच्या व सस्तन प्राण्यांच्या १,२०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. यातील बहुतेक जातींचे परागीभवन त्या त्या जातीशी जोडलेल्या चिमुकल्या गांधीलमाश्या करतात. त्या माश्यांची साखळी तुटू नये म्हणून परिसरात कोणते ना कोणते झाड सतत फळावर असावे लागते. त्यामुळेच इतर झाडांवर काही नसताना या झाडांवर पाखरांची गर्दी दिसते.

उत्तर ५: मुळांची_भाषा

झाडे जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात आणि जुनी मातृवृक्ष झाडे आपल्या पिलांना अन्न पुरवतात, हे कोणी लिहिले कसे नाही? बैठकीत लोकांच्या मनाला हेच सर्वांत जास्त भिडेल.

उत्तर ६: पर्णरंध्र

भिडेल, पण जपून. बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचे सहजीवन असते, बुरशी पाणी व स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाडाकडून शर्करा घेते, एवढे पक्के आहे. १९९७ साली सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या दोन जातींच्या झाडांमध्ये कार्बनची देवघेव होते, हे जंगलातच प्रयोग करून दाखवले, हेही खरे. परंतु झाडे पिलांना ओळखून पोसतात, एकमेकांना निरोप देतात, या पुढच्या दाव्यांना जंगलातील पुरावा फार अपुरा आहे, असे २०२३ साली त्याच क्षेत्रातील संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासून लिहिले. जे ठामपणे सांगता येते, तेच मला पुरेसे अद्भुत वाटते.

उत्तर ७: खिडकीजवळची_खाट

मी परिचारिका आहे. माणसाला झाड नुसते दिसण्याने काय मिळते, यावर एक जुना अभ्यास मला नेहमी आठवतो. रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातल्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या, शक्य तितक्या सारख्या अशा २३ जोड्या त्यांनी लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांची संख्या लहान आहे, हे मान्य करूनच तो सांगावा.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. २००२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲश जातीची झाडे पोखरणारा एक हिरवा भुंगेरा आढळला आणि पुढे त्याने कोट्यवधी झाडे मारली. वस्त्यांवरची सावली काही वर्षांत नाहीशी झाली. ज्या भागांत ही झाडे मेली, तेथे हृदयविकाराने आणि श्वसनाच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढल्याचे १५ राज्यांच्या आकडेवारीत दिसले. एवढ्यावरून एक गोष्ट दुसरीचे कारण आहे, हे सिद्ध होत नाही. परंतु रस्त्यावरची झाडे ही केवळ शोभा आहे, असे त्यानंतर मला म्हणवत नाही.

नगर-वनीकरणाचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ साली ३-३०-३०० असा सोपा दंडक सुचवला आहे: प्रत्येक घरातून निदान ३ मोठी झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के पर्णछत्र असावे आणि जवळचे उद्यान ३०० मीटरच्या आत असावे. हे झाड गेल्यावर आपल्या किती घरांच्या खिडकीतून तीन झाडे दिसतील, हे बैठकीआधी मोजून ठेवा.

आवारातली_सावली

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबी_सभासद यांचेही आभार, कारण त्यांच्या शंकेमुळेच तपासणीचा विचार पुढे आला.

मी ही चर्चा कागदावर उतरवून प्रस्ताव मांडणाऱ्या सभासदांना भेटले. २८ गुणिले २८ हा गुणाकार त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आम्ही दोघे खाली जाऊन झाड पाहून आलो. निर्णयाआधी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि रोपे कुंपणालगत वेगळी लावावीत, असा बदललेला प्रस्ताव आता तेच मांडणार आहेत. खिडक्याही मोजल्या: आज ३२ पैकी १९ घरांतून तीन झाडे दिसतात, हे झाड नसेल तर ६ घरांतून दिसतील.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांना खाली गेल्यावरच दिसली. बुंध्याला तीन बाजूंनी काँक्रीट अगदी चिकटून आहे आणि एका जागी ते मुळाने उचलले गेले आहे. ते काढावे का, आणि काढायचे तर कसे?

बुंधा_आणि_मुळे

काढा, पण यंत्राने नको. छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन बुंध्याकडून बाहेरच्या दिशेने तुकडे सुटे करा. बोटाहून जाड मूळ लागले, तर तोडू नका, ओल्या गोणपाटाने झाका. निदान दीड-दोन मीटरपर्यंत माती मोकळी होऊ द्या, ती फावड्याने उकरू नका, आणि त्यावर त्याच झाडाचा पालापाचोळा चार बोटे जाडीचा पसरा. फक्त तो बुंध्याला टेकणार नाही, एवढे पाहा, नाहीतर साल ओली राहून कुजते. ज्या पानगळीची तक्रार होती, ती अशी जागच्या जागी कामाला येईल. पाऊस सुरू होण्याआधी हे उरकले, तर या वर्षीचे पाणी मुळांपर्यंत पोहोचेल.